पहिलं नाव पाण्याचं

रथसप्तमीच्या सकाळी निशिगंधानं बाथरूमच्या फळीवरची क्रीमची डबी उघडली, सवयीनं नाकाशी नेली, आणि पुन्हा एकदा हुंगली. गुलाबपाण्याचा वास होता, बदामाचाही होता, पण त्यांच्या खालून तिसराच एक वास वर येत होता. आंबूस, न वाळलेल्या फडक्याचा. ती डबी घेऊन खिडकीपाशी गेली. आत कडेला, झाकणाच्या आट्यांना लागून, मसुराएवढा एक हिरवट ठिपका होता. बुरशी.

एवढ्याशा ठिपक्याचं एवढं काय? तर त्याच खेपेतल्या सहाशे डब्या शालूबाईंच्या घरी खोक्यांत भरून तयार होत्या. दुपारी चार वाजता मंगळवार पेठेतल्या मंगल कार्यालयात मोनाताईंचं हळदीकुंकू होतं, आणि त्या सहाशे डब्या सहाशे बायकांच्या हातात वाण म्हणून पडणार होत्या. प्रत्येक डबीवर बचत गटाचं नाव होतं. त्याखाली ठसठशीत अक्षरांत 'एकही केमिकल नाही' असं लिहिलेलं होतं. आणि तळाला बारीक अक्षरांत 'तपासणी : निशिगंधा'.

ही निशिगंधा मूळची नेसरीची. वडील हंबीरराव गावच्या दूध संस्थेत दूध तपासायला बसत. म्हशीवाल्यांच्या घरची पोरं म्हशीवर बसून मोठी होतात, ही दुधाच्या नळ्या विसळत मोठी झाली. गडहिंग्लजला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, चांगले मार्क पाडले, आणि मग रीतीप्रमाणे लग्न. नवरा राजवीर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला. मंगळवार पेठेत येऊन सहा-सात वर्षं झाली तरी तिच्या डिग्रीची चौकशी कुणी केली नव्हती. भाकरी गोल येते का एवढी मात्र सगळ्यांनी केली.

डिग्री उपयोगाला आली ती धोंडुबाईंमुळं. गल्लीतली ही सत्तरीची म्हातारी एकदा तोंडाला लावायची केशराची क्रीम घेऊन आली. खोक्यावर केशराच्या काड्यांचं हे एवढं चित्र. निशिगंधानं खोकं उलटं केलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि हसायला लागली.

"आत्या, ह्यात केशर हाय. पण अत्तराच्याबी मागं हाय."

"म्हंजे?"

"ही यादी म्हंजे पंगत समजा. ज्याचा वाटा मोठा तो पहिल्यांदा बसतो. पहिलं नाव पाण्याचं. मग तेल, मग मेण. शेवटाला चिमूटभरवाली. तुमचं केशर पार दाराजवळ बसलंय."

त्या दिवसापासून ती पेठेत लेबलवाली वहिनी झाली. शनिवारी दुपारी बायका आपापल्या ट्यूबा, बाटल्या, रिकामी खोकी घेऊन तिच्या पुढच्या सोप्यात येऊन बसायच्या. ती दोन खोकी शेजारी शेजारी ठेवून पेन्सिलीनं एकेक नाव जुळवायची. एक क्रीम स्वस्त, दुसरी तिच्या चौपट महाग, आणि पहिली सात नावं तीच! बायकांचे डोळे पांढरे व्हायचे. कुठल्या फेसवॉशनं कातडी कोरडी पडते, मुरूम असलेल्यांनी कसली तेलकट क्रीम टाळावी, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं मलम शेजारणीला उसनं का देऊ नये, हे ती सांगायची आणि बायका ऐकायच्या. मेडिकलवाल्यांना ती पुढं येताना दिसली तरी घाम फुटायचा. तिला या सगळ्याचा गर्व होता. तो लपवण्याची कला तिला साधलेली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिनं तसा प्रयत्नही केला नव्हता.

शालूबाईंनी हे हेरलं. शालूबाई म्हणजे गटाच्या अध्यक्षा, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं. मसाले आणि पापड करून थकलेल्या बारा बायकांचा गट त्यांनी निशिगंधाच्या भरवशावर क्रीमकडं वळवला. परवाना रीतसर काढला. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, बदामाचं तेल, थोडी हळद, पाणी आणि तेल एकजीव ठेवणारं मेण. आणि शेवटी शंभर भागांत एक भागही नाही इतकं फिनॉक्सीइथेनॉल. नावाला भिऊन बायका मागं सरकतील म्हणून निशिगंधा त्याला राखणदार म्हणायची. ते असलं की क्रीममध्ये बुरशी धरत नाही, जंतू वाढत नाहीत. तीन वर्षांत एक डबी खराब झाली नव्हती.

मग मोनाताईंची ऑर्डर आली. मोनाताईंचे यजमान विजयसिंह पुढच्या निवडणुकीला उभं राहायच्या तयारीत होते, त्यामुळं यंदाचं हळदीकुंकू दरसालासारखं पन्नास-साठ बायकांचं नव्हतं. मोनाताई स्वतः गाडीतून उतरून गटात आल्या, क्रीम हाताला लावून बघितली, आवडली म्हणाल्या, आणि एकच अट घातली. डबीवर 'एकही केमिकल नाही' असं पाहिजे.

"ताई, पाणीसुद्धा केमिकलच असतंय की," निशिगंधा म्हणाली.

"ते तुमच्या कॉलेजात. पेठेतल्या बायकांना डबीमागचं वाचायची सवय कुणी लावली? तुम्हीच न्हवं? आता ते फिनॉक्सी काय ते दिसलं की मलाच विचारतील, आम्हाला काय लावाय दिलंसा म्हणून."

तिचाच धडा तिच्यावर उलटला होता. शालूबाई मागून डोळ्यांनी खुणावत होत्या, हो म्हण, हो म्हण. एवढी मोठी ऑर्डर गटानं जन्मात बघितली नव्हती.

हो म्हणायच्या आधी तिनं चार दिवस मागून घेतले आणि शोध सुरू केला. शेजारच्या ऋताला तिच्या मावशीनं परदेशातून एक डबी पाठवली होती. अंगठ्याएवढी, आणि मिजास अशी की मखमलीच्या पिशवीत. मागच्या यादीत राखणदाराचं नाव नव्हतं. निशिगंधानं ती यादी वहीत उतरवून घेतली, शेजारी गटाच्या क्रीमची यादी लिहिली आणि पेन्सिल घेऊन बसली. राखणदार नेहमी यादीच्या शेवटाला असतो, म्हणून तिनं शेवटाकडूनच जुळवायला सुरुवात केली. आपल्याकडं ज्या जागी फिनॉक्सीइथेनॉल, तिथं त्यांच्याकडं विटामिन ई. बास! एवढ्या मोठ्या कंपनीला विटामिन ई पुरतंय, तर आपल्याला का पुरू नये? त्या संध्याकाळी ती इतकी खूश होती की राजवीरला तिनं जेवताना दोनदा तीच गोष्ट सांगितली. दहा दिवसांपूर्वी खेप झाली.

आता खिडकीपाशी उभं राहून तिनं तीच वही काढली. या वेळी तिनं महागड्या डबीची यादी वरून वाचली. पहिलं नाव शिआ बटर, म्हणजे लोण्यासारखं घट्ट तेल. दुसरं बदामाचं तेल. तिसरं मेण. चौथं, पाचवं, सहावं, सगळी तेलंच. पाणी कुठंच नव्हतं.

पाणीच नाही तिथं बुरशी वाढणार कशावर? त्या डबीला राखणदाराची गरजच नव्हती. विटामिन ई तेल खवट होऊ नये म्हणून घातलेलं, त्याचा बुरशीशी काही संबंध नाही. आणि तिच्या स्वतःच्या यादीत पहिलं नाव कुणाचं होतं? कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी, म्हणजे पाणीच पाणी. अख्ख्या पेठेला पहिलं नाव आधी बघा म्हणून शिकवणारी बाई स्वतः पहिलं नाव बघायचं विसरली होती. विसरली तरी कसं म्हणावं? तिला पाहिजे ते उत्तर शेवटालाच मिळालं, म्हणून तिनं वर नजरच नेली नाही. तिला स्वतःची अशी शरम वाटली की वही मिटून ती खाली फरशीवर बसली.

राजवीर पहिल्या पाळीला निघायला डबा शोधत आला. तिला बघून थांबला. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"आमच्यात कास्टिंगला भोक पडलं तर अख्खी खेप भट्टीत परत टाकतो," तो म्हणाला. "वितळवून पुन्यांदा वततो. तुझं काय वितळत न्हाई. पण डब्या अजून खोक्यात हायत न्हवं? मग रडतीस कशाला? जा, शालूकाकूंस्नी सांग."

सांगणं त्याला सोपं होतं. निशिगंधा डबी पदराखाली घेऊन शालूबाईंकडं गेली तेव्हा आठसुद्धा वाजले नव्हते. शालूबाईंनी ठिपका बघितला, वास घेतला, आणि खोक्यांतून पाच डब्या काढून एकामागून एक उघडल्या. पाचही स्वच्छ, कुठं डाग नाही. पाचही घमघमत होत्या.

"कुठाय बुरशी? दाव मला."

"काकू, ह्या तुमच्या थंड खोलीत हुत्या. माझी गिझरजवळ हुती, म्हणून लवकर दिसली. दिसाय लागती म्हंजे आत कवाच सुरू झालेली असती."

"म्हंजे ह्यात हायच असं तुला दिसतंय व्हय?"

"दिसत न्हाई. तेच तर."

शालूबाई खाटेवर बसल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, आणि तो खालचा आवाज ऐकून निशिगंधाला जास्त भीती वाटली.

"निशा, बारा घरं हायत ह्या गटावर. मोनाच्या हळदीकुंकवात आपली नाचक्की झाली तर पापडबी कुणी घेणार न्हाई. तुझी चूक, तू म्हणतीस. मग त्या बारा जणींच्या पोटावर पाय का देतीस? लावलं तर काय, माणूस मरतंय व्हय?"

"मरत न्हाई. सहाशेतल्या पाचशेनव्वद जणींना काय सुदिक हुणार न्हाई. पण मुरूम फुटलेला असंल, कुठं खरचटलेलं असंल, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असंल, तान्ह्या पोराच्या गालाला लावली, तर चिघळंल. डोळ्यात गेलं तर लईच वाईट. त्या दहा जणी कोण, ते मला म्हाईत न्हाई काकू. म्हाईत असत्या तर त्यांच्याच घरी गेलो असतो."

शालूबाईंनी डबीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "बरं. मी बोलतो मोनाशी. तिळगूळ आन वाण म्हणून स्टीलच्या वाट्या देऊन भागवा म्हणतो. तू घरी जा. तिथं तोंड दाखवू नगोस, म्हंजे प्रश्न न्हाईत."

निशिगंधा घरी आली. तिनं भाकऱ्या केल्या, भांडी घासली, घासलेली भांडी पुन्हा घासली. दुपारी दोन वेळा शालूबाईंना फोन लावला, उचलला गेला नाही. कामात असतील असं तिनं स्वतःला समजावलं. ते समजावणं तिला स्वतःलाच पटत नव्हतं.

साडेचारला दारात धोंडुबाई उभ्या. जरीच्या काठाचं लुगडं, नाकात नथ, कपाळाला आडवी चिरी.

"आगं, तू अजून अशीच? चल की. तुझ्या डब्या गेल्या बघ टेम्पोतनं, गल्लीतली पोरं मागं पळत हुती."

निशिगंधानं साडीही बदलली नाही. बुरशीची डबी मुठीत धरली आणि धोंडुबाईंना मागं टाकून ती निघाली.

कार्यालयाच्या दारात अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, हसणं, फोटो. सनईची कॅसेट. आत रांग लागली होती. स्टेजच्या कडेला डब्यांची मांडणी केली होती, खाली रुंद आणि वर निमुळती, आणि तिच्या अर्ध्या पायऱ्या रिकाम्या झालेल्या होत्या. दीडएकशे डब्या तरी वाटून झाल्या असतील. शालूबाई टेबलाशी उभ्या राहून डब्या काढून देत होत्या. त्यांनी निशिगंधाला बघितलं आणि मान फिरवली.

ती थेट मोनाताईंकडं गेली आणि कानाशी लागून सांगितलं. मोनाताई हसतच ऐकत होत्या, कारण समोर फोटोवाला होता.

"हसत बोला, निशावहिनी. सगळ्या बघाय लागल्यात."

"ताई, वाटायचं थांबवा. दिलेल्या परत घ्या. मी हात जोडतो."

"वाण दिलेलं परत घेत्यात व्हय कुठं?" मोनाताईंचं हसू तसंच होतं, आवाज मात्र दातांतून येत होता. "अपशकुन कराय आलाय माझ्या दारात? शालूबाईंनी सांगितलंच हुतं, तुमचं आन गटाचं कायतरी बिनसलंय म्हणून."

मग निशिगंधाच्या लक्षात आलं की सकाळीच शालूबाईंनी तिची वाट बंद करून ठेवली होती. तिला रागही आला नाही. रागाला वेळ नव्हता. रांगेतली एक सुनबाई कडेवरच्या पोराला खेळवत आत्ताच मिळालेल्या डबीचं झाकण फिरवत होती. निशिगंधानं निवेदन करणाऱ्या मुलीच्या हातातला माइक घेतला.

"मी निशिगंधा. ही क्रीम मी बनवल्या. ती खराब हाय." आवाज स्पीकरमधून परत तिच्याच अंगावर आला. "ह्यात पाणी हाय आन ते टिकवायला काय घातलेलं न्हाई. माझ्या न्हाणीतल्या डबीला बुरशी आली. तुमच्या डबीत आज दिसणार न्हाई, तरी लावू नका. मुरूम असतील, जखम असंल तर अजिबात न्हाई. पोरांना लावू नका. चूक माझी हाय. दुसऱ्याची यादी बघून केलं, आन वाचाय चुकलो."

सनई तेवढी वाजत राहिली. मग शालूबाईंचा आवाज आला, त्याला माइक लागत नव्हता. "खुळी झाल्या ती! सकाळधरनं असंच चाललंय तिचं!"

मोनाताई पुढं आल्या. त्यांनी माइक काढून घेतला, हसल्या, आणि मांडणीतली वरची डबी उचलली. झाकण उघडलं. दोन बोटं भरून क्रीम घेतली आणि सहाशे बायकांच्या देखत दोन्ही गालांना, कपाळाला, हनुवटीला चोळून चोळून लावली.

"बघा. काय झालं का मला? झालं का काय?"

पहिल्यांदा एकीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मोनाताईंना खरंच काहीच झालं नव्हतं. आज होणारही नव्हतं. तिच्या म्हणण्याचा पुरावा म्हणजे मुठीतला मसुराएवढा ठिपका, आणि तो ज्या बाथरूममधून आला त्याची चेष्टा पुढच्या रांगेत आधीच सुरू झाली होती. कुणीतरी म्हणालं, न्हाणीत ठेवली तर भाकरीबी बुरसती. रांग पुन्हा पुढं सरकली.

ती बाहेर आली. वाण ज्यानं दिलं त्याला परत करत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. पण एकीचं वाण दुसरीच्या ओटीत घालायला कुणाची हरकत असते? ती कार्यालयाच्या फाटकात मधोमध उभी राहिली आणि तिनं पदर पसरला.

भर पेठेत, दिवसाउजेडी. समोर रिक्षास्टँड, पलीकडं पानपट्टी. माणसं थांबून बघायला लागली. लेबलवाली वहिनी पदर पसरून उभी! तिचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, पण हात खाली आले नाहीत.

"तुमचं वाण माझ्या ओटीत घाला, वहिनी. लावू नका."

पहिली बाई अंग चोरून कडेनं गेली. दुसरी हसली. तिसरी म्हणाली, फुकटच्या वस्तूवर पण हिचा डोळा. आठ-दहा जणी अशाच गेल्या. मग धोंडुबाई आल्या, हातात डबी, दुसऱ्या हातात तिळगुळाची पुडी. समोर येऊन थांबल्या.

"डबीवर तुझं नाव हाय. तपासलं म्हणून लिवलंयस."

"व्हय, आत्या."

"मग तपासलं न्हवतंस?"

"तपासलं. चुकीचं तपासलं."

म्हातारीनं तिच्याकडं रोखून बघितलं. मागं रांग तुंबली होती आणि सगळ्या ऐकत होत्या.

"मग तुझं खरं कवाचं धरू मी? तवाचं का आत्ताचं?"

हा प्रश्न तिनं सकाळपासून स्वतःला विचारला नव्हता. "आत्ताचं," ती म्हणाली. "तवा मला खूश व्हायचं हुतं. आत्ता न्हाई."

धोंडुबाईंनी डबी तिच्या पदरात टाकली. "घे. आन सरळ हुबी ऱ्हा, पाठीला बाक काढू नगो. चोरी केलेली न्हाईस."

त्यानंतरची डबी पडली, मग आणखी एक. सगळ्यांनी टाकल्या असं नाही. कुणी टाकताना टोमणा मारला, कुणी मुकाट्यानं टाकली, कडेवर पोर असलेल्या सुनबाईनं तर पोराचा गाल ओल्या रुमालानं खसाखसा पुसत टाकली आणि पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. बऱ्याच जणी डबी पर्समध्ये खुपसून तशाच गेल्या. कोण गेलं, किती गेलं, हे मोजायचं निशिगंधाला भान नव्हतं. ओझ्यानं पदर खांद्यापाशी फाटायला आला, पिन कातडीला टोचायला लागली.

धप्पकन तिच्या पायाशी एक रिकामं खोकं येऊन पडलं. शालूबाई.

"पदर फाटंल. ह्यात वत." त्या तिच्याकडं बघत नव्हत्या. "टेबलावरच्या दीडशे ऱ्हायल्यात, त्याबी आणतो. बायका आता घेईनात." जायला वळल्या, पुन्हा थांबल्या. "आन उद्यापासनं गटात येऊ नगोस. मी शिव्या देऊ नयेत असं वाटत असंल तर मला दिसू नगोस."

निशिगंधानं मान हलवली. गट गेला होता. तीन वर्षांचं काम, शनिवारची दुपार, लेबलवाली वहिनी म्हणून कमावलेलं नाव, सगळं त्या खोक्यात पडत होतं. तिला रडायला आलं आणि ती रडली, डब्या खोक्यात ओतता ओतता, कुणाची पर्वा न करता.

साडेसहाच्या सुमाराला कार्यालय रिकामं झालं. मंडपवाले खुर्च्या रचायला लागले. तीन खोकी भरली होती आणि तरी शंभराच्या वर डब्या पेठेभर, पेठेबाहेर, कुणाकुणाच्या घरी जाऊन पडल्या होत्या. आज झोपायच्या आधी बायका तोंड धुतील आणि आरशापुढं बसून झाकण फिरवतील. त्यांना गाठायचं कसं, याचा विचार करत ती फाटकाच्या पायरीवर बसली होती.

बाजूच्या दारानं मोनाताई आल्या. एकट्या. भरजरी साडी तशीच होती, पण तोंडावरचा सगळा मेकअप गेला होता. केसांच्या कडा ओल्या, गाल चोळून चोळून लालभडक.

"तीनदा धुतलं," त्या म्हणाल्या. "साबणानं." मग पायरीवर तिच्या शेजारी बसल्या, साडीची पर्वा न करता, आणि डाव्या भुवईच्या वर बोट ठेवलं. "काल इथला मुरूम फोडलता मी. पिकलेला. मेकअपखाली दिसत न्हवता. तू माइकवर म्हणालीस तवाच आठवलं मला. आन तरी लावलं."

निशिगंधानं त्यांची हनुवटी धरून चेहरा रस्त्यावरच्या दिव्याकडं वळवला. भुवईच्या वर फुटलेल्या मुरमाचं ओलसर तोंड होतं, घासल्यानं भोवतीची कातडीही सोलवटलेली.

"मला काय हुईल?"

कुणी विचारलं आणि निशिगंधानं लगेच उत्तर दिलं नाही असं याआधी झालं नव्हतं.

"म्हाईत न्हाई, ताई," ती म्हणाली. "बहुतेक काय हुणार न्हाई. आता साबण लावू नका, नुसत्या पाण्यानं धुवा, दुसरं काय लावू नका. सुजलं, दुखलं, डोळ्याकडं लाल चढलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा."

समोरून एक रिक्षा गेली, रिक्षावाल्यानं त्यांना ओळखून नमस्कार केला, त्यांनी केला नाही. मग त्यांनी पर्समधून फोन काढला. हळदीकुंकवाच्या आमंत्रणासाठी केलेला बायकांचा ग्रुप उघडला आणि माइकच्या खुणेवर अंगठा दाबून धरला. त्यांनी अंगठा काढला, पुन्हा दाबला.

"मी मोना बोलतोय. वाणाची डबी कुणीबी लावू नका. निशावहिनी म्हणत हुती ते खरं हाय. मी टाळ्या घ्यायसाठी लावली, आन आता बसलोय इथं भिऊन."